सातवी चिठ्ठी

रविवारची उपासना आटोपून मंडळी घरी आली आणि पायातल्या चपला काढायच्या आधीच आईंनी जाहीर करून टाकलं, की आज दुपारी चिठ्ठ्या उघडायच्या.

छकुलीला पडसं म्हणून धाकटी सून घरीच राहिली होती. लेकीला भरवता भरवता तिचा हात हवेतच थांबला. छकुली आ वासून चमच्याची वाट बघत राहिली आणि चमचा काही येईना, तेव्हा तिनं वाटीच उपडी केली.

"अहो, वर्ष कुठं संपलंय अजून?" थोरल्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, म्हणाल्या. "दोन महिने आहेत की."

"वर्ष संपेपर्यंत थांबायला डॉक्टर तयार नाहीत," आई खुर्चीत टेकल्या. जिना चढून आल्यामुळं त्यांना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागत होता. "उद्या सकाळी मला ऑपरेशनला आत नेणार. सव्वासातला मी जागी असेन की टोचून निजवलेली, देव जाणे. माझ्याकडं दोन माणसं आहेत. त्यांचा एक दिवसही खाडा झालेला मला चालायचा नाही. कोणाच्या तरी हाती सोपवूनच जाणार मी."

"मग तुमच्या दोनच उघडा ना, आई," धाकटी म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवून. "सगळ्यांच्या कशाला?"

"मला बघायच्या आहेत," आई म्हणाल्या. "चौतीस वर्षं झाली. यंदाचीही सगळी साखळी जायच्या आधी एकत्र बघू दे मला."

धाकटीनं मान खाली घातली आणि सांडलेली पेज पुसायला घेतली. पुसून झाल्यावरही ती तीच फरशी पुसत राहिली.

ही चिठ्ठ्यांची चाल सासऱ्यांची. बाइंडिंगचा कारखाना त्यांनी उभा केला तेव्हा माणसं चार होती आणि कामं चाळीस. देवासमोर सगळ्या घरानं एकत्र बसायला वेळ सापडेना. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. वर्षाच्या पहिल्या दिवशी कटिंग मशीनखाली पडलेल्या कातरणातून एकसारखे तुकडे निवडायचे, घरात ज्याला जी हाक ती त्यावर लिहायची, घड्या घालून खळीच्या धुतलेल्या भांड्यात टाकायच्या. प्रत्येकानं एक उचलायची. जे माणूस येईल त्याच्यासाठी वर्षभर, रोज सकाळी सव्वासात वाजता, असाल तिथं प्रार्थना करायची. कोण कोणाकडं आहे हे मात्र वर्षअखेरपर्यंत कोणी बोलायचं नाही. "रोज सव्वासातला कोणीतरी तुमचं नाव देवाजवळ घेतंय, एवढं कळलं की पुरे," असं सासरे म्हणत. ते गेले, चाल राहिली.

यंदा आईंचा हात कापत होता, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम धाकटीकडं आलं होतं.

तो दिवस तिला आठवायला नको होता आणि विसरता येत नव्हता. छकुली तेव्हा इस्पितळात काचेच्या पेटीत होती. वेळेच्या कितीतरी आधी जन्मलेली, जेमतेम ओंजळभर. धाकटी दोन तासांसाठी घरी आली होती, अंघोळ करून परत जायला. टेबलावर सात तुकडे मांडून ठेवलेले. तिनं लिहिलं: आई, ताई, दादा, वहिनी. मग नवऱ्याची हाक. मग छकुली. सातवा तुकडा समोर घेतला, लेखणी टेकवली, आणि हातानं आपलं आपणच लिहिलं. पुन्हा छकुली.

हात चुकला असं ती स्वतःला सांगू शकली असती. पण तिनं तो तुकडा वाचला होता, आणि वाचून घडी घातली होती.

म्हणजे दहा महिने या घरात छकुलीसाठी दोन माणसं सव्वासातला थांबत होती, आणि धाकटीसाठी कोणीच नाही.

सुरुवातीला तिला त्याचं काहीच वाटलं नाही. लेकीसाठी जीव गहाण टाकला असता, चिठ्ठी काय! पण छकुली घरी आली, बाळसं धरू लागली, आणि मग सव्वासात वाजले की एक विचित्र पोकळी तिच्या पोटात उघडायची. ती शिकलेली होती. देवाचं प्रेम कातरणाच्या तुकड्यावर अडून बसत नाही, हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कळवळून वाटणं वेगळं. आई प्रार्थनेला बसल्या की त्यांचा चेहरा असा सैलावायचा, जणू दार उघडून कोणी ओळखीचं आत आलंय. धाकटी डोळे मिटायची तेव्हा तिला फक्त छकुलीचा श्वास ऐकू यायचा. घेतला. सोडला. घेतला. आता पुढचा का येत नाही? आला. तिची प्रार्थना म्हणजे भीतीची उजळणी असायची, आणि उजळणी संपली की आमेन.

त्यात तिच्या वाट्याला चिठ्ठी आली होती ती ताईंची.

ताई म्हणजे घरातली सगळ्यात थोरली, तिच्या नवऱ्याची आणि थोरल्या दिरांची, म्हणजे दादांची, बहीण. इस्पितळात मेट्रन. त्या वॉर्डात शिरल्या की नर्सेसच काय, पेशंटसुद्धा पांघरुणं नीट करून घेत. काचेच्या पेटीपाशी धाकटी हुंदके देत उभी होती तेव्हा त्या मागून येऊन म्हणाल्या होत्या, "रडून बाळाचं वजन वाढत नसतं. जा, जेवून ये." ते वाक्य धाकटीच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं होतं. आणि हिच्यासाठी रोज प्रार्थना करायची!

पहिले दोन महिने तिनं बसचं तिकीट काढावं तशी ती उरकली. ताईंना सांभाळ, आमेन. पण रोज रोज तेच म्हणताना तिचं तिलाच ओशाळं वाटायला लागलं. म्हणायला काही हवं, म्हणून ती ताईंकडं बघायला लागली. एकदा इस्पितळात लिफ्टचं दार उघडलं तर आत ताई एकट्याच होत्या. भिंतीला हात टेकून, डोळे मिटून, एक बूट काढून. धाकटी दिसताच बूट पायात, पाठ ताठ. "काय बघतेस?" म्हणून पुढं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सव्वासातला धाकटी म्हणाली, त्यांचे घोटे सुजतात. मग एकेक दिसत गेलं. डब्यात रोज पावाचे दोनच तुकडे असतात. दुसऱ्यांच्या मुलांना उचलताना त्या आधी हात एकमेकांवर चोळून गरम करून घेतात. असं करता करता एका सकाळी खिडकीशी उभी असताना धाकटीच्या लक्षात आलं, की ताईंचं नाव घेताना आपण हसतोय.

आणि त्याच क्षणी ती पोकळी पुन्हा उघडली. असं हसून माझं नाव कोणी घेत असेल का?

घेत नव्हतं. तिनंच तशी सोय करून ठेवली होती.

*

तीन वाजता सगळे खाली कारखान्यात जमले. बांधणीच्या लांब टेबलावर शिवून झालेल्या फर्म्यांचे, म्हणजे पुस्तकांच्या घडी घातलेल्या पानांचे, गठ्ठे होते, ते बाजूला सारून जागा केली. आई टोकाला. एका अंगाला दादा आणि वहिनी, समोर धाकटी, तिचा नवरा आणि त्याच्या खांद्यावर छकुली. ताई ड्यूटीवरून थेट आल्या आणि दादांपासून जास्तीत जास्त लांबची खुर्ची त्यांनी बरोबर हेरली.

बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते त्याला सहा महिने झाले होते. आईंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन तेव्हाच करा, असं ताईंचं म्हणणं. गोळ्यांनी भागेल, असं दादांचं. तेव्हापासून वहिनींचं पोस्ट ऑफिस झालं होतं.

"तुझ्या नवऱ्याला विचार, फाइलमध्ये रक्ताचे रिपोर्ट ठेवलेत का," ताई वहिनींना म्हणाल्या.

"अहो, रिपोर्ट ठेवलेत का?"

"सांग तिला, ठेवलेत."

"ठेवलेत म्हणे." वहिनींनी कपाळाला हात लावला. "दोघांच्या मध्ये तीन हात टेबल आहे हो. मी मेले तर काय टपाल बंद?"

धाकटीचा नवरा हसला. आई हसल्या नाहीत. "काढा चिठ्ठ्या," त्या म्हणाल्या.

पाकिटांतून, चष्म्याच्या घरांतून, पवित्र शास्त्राच्या पानांमधून तुकडे निघाले. दहा महिन्यांत मऊ झालेले, कोपरे झिजलेले. धाकटीनं आपला टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. आता सांगावं. उघडण्याआधीच सांगून टाकावं. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात छकुली शिंकली, आणि ती तापाचा अंदाज घ्यायला तिच्या कपाळाला हात लावत बसली. वेळ गेली.

"माझी ही," आईंनी पहिली उलगडली. "वहिनी."

वहिनींनी पुढं वाकून ती चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घेतली.

"आणि ही छकुलीच्या वाटणीची. मीच उचलली होती तिच्यासाठी. दादा." आईंनी थोरल्या लेकाकडं पाहिलं. "म्हणजे तुझ्यासाठी मी दहा महिने काय मागितलं ते विचारू नकोस. तुझं डोकं थंड राहावं म्हणून मागत होते. देवाला अजून वेळ मिळालेला दिसत नाही."

आता मात्र टेबलभर हसू पसरलं. वहिनींकडं धाकटीचा नवरा निघाला. "म्हटलंच," तो म्हणाला, "तरीच यंदा माझं पोट सुटलं." त्याच्याकडं आई निघाल्या. त्यानं चिठ्ठी आईंच्या पुढ्यात सरकवली आणि उगाच छकुलीचं टोपडं नीट करत राहिला. धाकटीनं आपली उलगडली. "ताई," ती म्हणाली.

ताईंनी भुवया उंचावल्या. "तू? बिचारी."

"माझ्याकडं छकुली आहे," दादा म्हणाले. त्यांनी तुकडा तळव्यावर सपाट केला. हा माणूस एरवी मोजून मापून बोलणारा, पण आता थांबेना. "सकाळी पहिला फर्मा शिवायला घेतला की सव्वासात होतात. एकेक टाका घालायचा आणि म्हणायचं, हिला धर. सुटू देऊ नको. तिचं वजन वाढत होतं ना, मला खरंच वाटायचं, ते माझ्यामुळं वाढतंय."

ताईंनी आपली चिठ्ठी उघडून टेबलाच्या मध्यावर ठेवली होती.

"तुझ्यामुळं कसं?" त्या म्हणाल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा थेट भावाला. "छकुली माझ्याकडं आहे."

दादांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. एकच अक्षर, एकच शाई.

"मग कोण राहिलं?" वहिनी बोटांवर मोजू लागल्या. "आई आल्या, मी आले, हे आले, भावजी, ताई..."

"मी," धाकटी म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी राहिले. चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. शेवटची माझी होती, तिच्यावरही मी छकुलीचंच लिहिलं." तिला वाटलं होतं आपण रडू. पण आवाज कोरडा निघाला. "चुकून नाही. मला वाटलं, एकानं नाही भागलं तर?"

"बघा म्हणजे!" वहिनींचा सूर चढला. "आम्हाला सगळ्यांना एकेक, आणि हिच्या लेकीला दोन दोन!" आणि मग बोलता बोलताच तो उतरला. "आणि तुला गं?"

"मला नाही."

"मला सांगायचंस तरी," तिचा नवरा हळूच म्हणाला. "मी घेतली असती तुझी. दोन केल्या असत्या."

"सांगितलं असतं तर मी काय केलं ते कळलं असतं ना तुला."

ताई खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या आवाजाला वॉर्डातली धार आली. "दहा महिने? दहा महिने तू या घरात कोणी विचारणारं नसल्यासारखी हिंडत होतीस? बाळ पेटीत, स्वतः अशी काटकी झालेली, रात्रंदिवस त्या पोरीचे श्वास मोजत बसायचीस, ते दिसत होतं मला! मी म्हणायचे, हिच्यासाठी ज्याची पाळी आहे तो झोपा काढतो की काय!"

"तुम्हाला दिसत होतं?"

"मेट्रन आहे मी. आंधळी नाही."

धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं. इतके महिने रोज ज्यांना मनातल्या मनात पाहिलं, त्या अशा समोर, रागानं लाल झालेल्या. तिला एकदम विचारावंसं वाटलं, आणि उत्तराची भीतीही वाटली.

"ताई, तुम्हाला कधी जाणवलं? यंदा, सकाळी. कोणीतरी तुमचं नाव घेतंय असं?"

ताईंना खोटं बोलता येत नसे. त्या क्षणभर आठवत राहिल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "एक दिवससुद्धा नाही. मला तर वाटायचं, माझी चिठ्ठी कोणा आळशाच्या हाती गेलीय."

वहिनी फिसकन हसल्या. धाकटीही हसली, पण आत काहीतरी बसकण मारून बसलं. तीनशे सकाळी. घोटे, डबा, गरम केलेले हात. यातलं काहीच पोचलं नव्हतं. मग पोचतं तरी काय?

आईंनी छकुलीच्या दोन चिठ्ठ्यांतली एक उचलली. पालथी केली. "लेखणी द्या रे," म्हणाल्या, आणि कापऱ्या हातानं, वेळ लावून, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: धाकटी.

"वहिनी आणि दादा, माझ्याकडची दोन माणसं तुम्हीच, तुम्ही एकमेकांना घ्या. वर्ष संपेपर्यंत. तेवढ्यानं घरात शांतताही नांदेल. हिची मी घेते."

"आई, अहो उद्या तुम्हाला गुंगी देणार," धाकटी म्हणाली. "तुम्ही शुद्धीवरही नसाल."

"मी नसेन शुद्धीवर," आई म्हणाल्या. "देव असेल ना?"

*

सकाळी इस्पितळात जाताना धाकटीनं वहिनींच्या हाती छकुली आणि तीन पानी सूचना दिल्या. ताप किती झाला की काय, खोकला कसा आला की कसं. "एवढं तर नव्या मशीनबरोबरही येत नाही," वहिनी म्हणाल्या. "जा तू. मी दोन वाढवून परगावी धाडलीत."

पहिल्या मजल्यावरचा बोळ फिनेलनं ओला होता. ताई आज युनिफॉर्ममध्ये नव्हत्या, त्यामुळं अनोळखी दिसत होत्या. दादा त्यांच्या शेजारी बसले होते. दोघांमध्ये एक थर्मास होता, आणि दोघं आळीपाळीनं त्याच्या झाकणातून चहा पीत होते. न बोलता, पण टपालाशिवाय.

सातला आईंचा स्ट्रेचर आला. हिरवी टोपी, सुरकुतलेला दंड, आणि आवळून धरलेली उजवी मूठ.

"आजी, हातात काय आहे?" नर्स म्हणाली. "आत काही नेता येत नाही."

आईंनी मूठ सोडली नाही. ताई उठल्या. धाकटीला वाटलं, आता त्या नर्सला एका शब्दात गार करतील. पण ताईंना नियम म्हणजे नियम. त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर चोळले, आणि आईंची बोटं एकेक करून उघडली.

"दे इकडं. तू बाहेर येईपर्यंत माझ्याकडं राहील."

"खाडा करू नकोस," आई म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

"कधी केलाय?"

धाकटीचा नवरा स्ट्रेचरची दांडी धरून दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. दार बंद झालं. त्याच्यावरचा लाल दिवा लागला. ताई बाकावर परत येऊन बसल्या, बूट काढले, सुजलेले पाय गार फरशीवर टेकवले. चिठ्ठी मुठीत होती. त्यांनी धाकटीकडं पाहिलं नाही.

धाकटी खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर एक माणूस दुकानाचं शटर वर सारत होता. सव्वासात झाले. ती ताईंसाठी थांबली, रोजच्यासारखी. त्यांचे घोटे. आईंना आत पाठवून रिकामे झालेले त्यांचे हात. सांगून झालं, आणि आज ती आमेन म्हणून वळली नाही. काही मागितलंही नाही. नुसती उभी राहिली. बोळाच्या टोकाला, तिच्या पाठीमागं, ताईंचे ओठ हलत असतील किंवा नसतील. वळून बघावं असं तिला फार वाटलं. तिनं बघितलं नाही.

काही जाणवलं नाही. काच गार होती, शटर अर्ध्यात अडकलं होतं, आत आईंचं काय चाललंय कोणाला ठाऊक नव्हतं. जाणवावं म्हणून तिचा जीव तुटत होता. पण ताईंना तरी तीनशे दिवसांत कुठं काय जाणवलं होतं? आणि ती तर रोज उभी होती. एकही दिवस न चुकवता, त्यांचं नाव घेऊन, हसत.